तेक्लेचा पेला

स्तेपोनासने भट्टीचं लोखंडी दार उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि "अजून नाही" म्हणून पुन्हा लावून टाकलं. हे तो कोणाला सांगत होता, ते त्यालाच माहीत. घरात दुसरं कोणी नव्हतं. एक मांजर होतं, तेही उकाड्याला कंटाळून बाहेर कुंपणावर जाऊन बसलं होतं.

भट्टीत जवाचे पाव भाजत होते. खायचे नव्हेत. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, जाडसर भरडायचे, गरम पाण्यात कालवून घट्ट लगदा करायचा, त्याचे पाव थापायचे आणि वरून काळपट होईपर्यंत सावकाश भाजायचे. मग ते फोडून कढत पाण्यात टाकायचे आणि त्या पाण्याची बिअर करायची. लाउकीनाय गावात बिअर अशीच होते. "बाकीच्या जगात लोक पाव खातात आणि बिअर पितात, आपल्याकडे पावच पितात," असं तेक्ले म्हणायची, आणि दर वेळी स्वतःच्याच विनोदावर इतकी हसायची की पिठाचा हात तोंडावर जाऊन नाक पांढरं व्हायचं.

तेक्ले म्हणजे स्तेपोनासची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

स्तेपोनासने सगळा जन्म सरकारी शेतावर ट्रॅक्टर हाकण्यात घालवला. बिअर हा त्याचा धंदा नव्हता, नाद होता. नाद म्हणजे असा, की ट्रॅक्टर भर शेतात बंद पडला तर हा खुशाल जेवायला निघून जाई; पण पिपात बिअर फसफसत असली की ताट घेऊन पिपाशेजारी बसे. कान लावून ऐके. "आज जरा रुसलीय," म्हणे. तेक्ले म्हणे, "माझं रुसणं कधी ऐकू आलं नाही ते!"

आता ही बिअर म्हणजे काही बाटलीतली नव्हे. ती उकळत नाहीत, त्यामुळे ती टिकत नाही. पीप उघडलं की थोड्याच दिवसांत आंबायला लागते. थोडक्यात, ही एकट्याने प्यायची चीजच नाही. हिला माणसं लागतात. आणि माणसं बोलवायची मात्र पद्धत नाही. भट्टीचा धूर दिसला, वास आला, की ज्याने त्याने दिवसांचा हिशेब धरून सणाला आपल्या पायांनी यायचं. जो बोलावणं करतो त्याच्या बिअरमध्ये खोट असणार, असं आमच्याकडे धरूनच चालतात.

पिण्याचीही रीत आहे. पेला सगळ्यांत मिळून एकच, लाकडी. घरधनी तो भरतो, डावीकडच्या माणसाकडे वळतो, त्याचं नाव घेऊन "खुशाल राहा" म्हणतो, स्वतः पितो, पुन्हा भरतो आणि त्याच्या हातात देतो. तो माणूस "तूही खुशाल राहा" म्हणून पेला घेतो आणि आपल्या डावीकडच्याचं नाव घेतो. असा तो फिरत राहतो. ज्याला कोणी नाव घेऊन पेला दिला नाही, त्याने प्यायचं नाही. आणि ज्याला नाव घ्यायला कोणी समोर नाही, त्यानेही नाही. मग तो घरधनी का असेना. तुम्ही म्हणाल, घरात कोण बघायला येतंय? कोणी येत नाही. पण स्तेपोनासने गेल्या तीन वर्षांत चवीपुरता चमचा सोडला तर स्वतःच्या बिअरचा एक घोट घेतला नव्हता. तो बिअर करायचा, फाटक उघडं टाकून वाट बघायचा, आणि शेवटी सगळं पीप खाजकुयलीच्या झुडपांत ओतून यायचा. झुडपं मात्र मजेत होती.

हे सगळं तेक्लेच्या मातीच्या दिवशी बिघडलं.

दफन करून माणसं घरी जेवायला आली होती. चाळीस वर्षं स्तेपोनासच्या डावीकडे तेक्ले बसत आली होती, म्हणजे चाळीस वर्षं पहिला पेला तिचा. त्या दिवशी तिच्या जागी झिग्मास बसला होता. झिग्मास म्हणजे ओढ्यापलीकडचा शेजारी, लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मिळून शाळेला दांड्या मारल्या, मिळून पोलिसांचा मार खाल्ला, मिळून पीपं घासली. स्तेपोनास उठला, पेला भरला, डावीकडे वळला, आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खुशाल राहा गं, तेक्ले."

कोणीतरी चमचा खाली ठेवला, तेवढाच काय तो आवाज. स्तेपोनासने घोट घेतला होता, पेला पुन्हा भरून झाला होता, आणि आता तो कोणीतरी घ्यायला हवा होता. त्याने तो झिग्माससमोर धरला. त्याला वाटलं, झिग्मास घेईल. काहीतरी बोलेल, "तिच्या वतीने" म्हणेल, आणि पेला पुढे जाईल. पण झिग्मासचे हात टेबलाखालून वर आलेच नाहीत. मेलेल्याच्या नावाचा पेला जो घेतो, त्याला मेलेला बोलावून घेतो, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. स्तेपोनास हात लांब करून उभा. हात अवघडून पेला कलला, बिअर मनगटावरून बाहीत गेली. शेवटी त्याने पेला टेबलावर ठेवला. पेला उभा राहिला की फेरी संपली. माणसांनी एकेक करून टोप्या उचलल्या आणि मुकाट्याने बाहेर पडली.

तेव्हापासून त्या घरात पेला उभाच होता. आणि जोवर तो दुसरं कोणी हातात घेत नाही तोवर नवी फेरी कुठून सुरू होणार? आधी लोक संकोचाने येईनात. मग काही मेले, काही मुलांकडे शहरात गेले, आणि न येण्याची सवयच पडली. झिग्मास आपल्या घरी, स्तेपोनास आपल्या घरी, मध्ये ओढा. लहानपणापासूनच्या मैत्रीपेक्षा झिग्मासला म्हाताऱ्यांच्या गप्पा मोठ्या वाटल्या, हे शल्य स्तेपोनासच्या मनातून जाईना. जिवाला घाबरला, दुसरं काय!

या वर्षी मात्र त्याने ठरवलं होतं. झोलिनेच्या सणाला, ऑगस्टच्या मध्यावर, कोणी आलं नाही तर ही शेवटची खेप. यीस्टची बरणी विहिरीच्या गारव्याला परत ठेवायची नाही. ते यीस्ट त्याच्या आजाच्या काळापासून घरात होतं. मागच्या बिअरमधलं पुढच्या बिअरला, असं पोसलेलं. एकदा फेकलं की गेलं. मग भट्टीही थंड आणि नादही संपला. बसावं टीव्हीसमोर, जशी बाकीची म्हातारी माणसं बसतात.

पाव भाजत असतानाच राइमाचा फोन आला. राइमा त्याची मुलगी, नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात.

"बाबा, काय करताय?"

"पाव भाजतोय."

"म्हणजे पुन्हा बिअर! अहो, पिणार कोण आहे?"

"सण आहे. येतील माणसं."

मग ती म्हणाली, "बाबा, एकट्याने पीत बसू नका हं."

"छे गं," स्तेपोनास म्हणाला. "त्याची काळजी तू करू नकोस."

फोन ठेवल्यावर त्याला हसू आलं, आणि मग एकाएकी इतकं भरून आलं की तो तसाच भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी आलंच तर धुराने आलं म्हणता येतं.

फोडलेले पाव पिपात पडले. तळाशी गव्हाच्या काडाची जाळी घातलेली, त्यातून तपकिरी पाणी संथ गळत राहिलं. परसात तेक्लेने लावलेले हॉपचे वेल बांबूएवढ्या काठ्यांवर चढून कौलांना लागले होते. त्यांची मागल्या वर्षीची वाळवलेली फुलं उकळून त्याने कडू काढा केला, तो त्यात ओतला. पाणी कोमट झाल्यावर बरणीतलं यीस्ट सोडलं. संध्याकाळपर्यंत पिपातून कुजबुज सुरू झाली. स्तेपोनास ताट घेऊन शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी ओनाची फिरती दुकानगाडी गावातल्या मोठ्या लिंडनच्या झाडाखाली येऊन थांबली. लाउकीनायमधलं दुकान बंद पडल्यापासून आठवड्यातून दोनदा ही बाई गाडी घेऊन येते आणि साबणापासून सॉसेजपर्यंत सगळं विकते. वस्तूंबरोबर बातम्या फुकट.

"काका, काल तुमच्या धुराड्यातून धूर दिसला," ती म्हणाली. "तीन कोसांवरून वास येत होता. मला तर गाडी सोडून यावंसं वाटलं."

"मग यायचं होतंस."

"आणि गाडी कोणी चालवायची, तुमच्या मांजराने?" ओनाने त्याच्यासमोर मीठ आणि काड्यापेटी ठेवली. "त्या झिग्मासला न्या की हाताला धरून. किती दिवस चालणार तुमचं हे? लहान मुलंसुद्धा दोन दिवसांत बोलायला लागतात."

"बोलावणं करायची पद्धत नाही."

"पद्धत! त्या पद्धतीला मिठी मारूनच मरा तुम्ही दोघे." मग तिने आवाज उतरवला. "बार्बोरा गेल्यापासून तो फार खचलाय हो. आधी दोन पाव न्यायचा, आता एक नेतो. तोही अर्धा वाळून जातो म्हणतो. आणि आज काय विचारत होता माहितीय? कोंबड्या घेतेस का. सगळ्या. मी म्हटलं, अहो, अंडी देताहेत ना? तर म्हणे, मला आता कशाला हव्यात."

स्तेपोनासने मीठ उचललं आणि निघाला. बार्बोराचं नाव निघालं की त्याची मान खाली जाई. बार्बोरा झिग्मासची बहीण. तरुणपणी गवताच्या गंजीवरून पडली ती पुन्हा उठली नाही. झिग्मासने तिच्यापायी लग्न केलं नाही. ओढ्याकडच्या खिडकीत तिची खाट असे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ती हात करी. या ईस्टरच्या सुमाराला ती गेली. आमच्या गावात कोणी गेलं की घरचं माणूस स्तेपोनासकडे येऊन बिअर मागतं. तेवढं मागणं मात्र रीतीत बसतं. झिग्मास आला नाही. ज्याचा पेला घेतला नाही त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने पीप मागायचं, असं त्याला वाटलं असेल. आणि स्तेपोनासला वाटलं, आला नाही ना, मग मी कशाला जाऊ! शवपेटी रस्त्यावरून गेली तेव्हा तो फाटकाच्या आत उभा होता, टोपी हातात घेऊन, पण आत. माणसांनी दुकानातली बाटलीतली बिअर पिऊन बार्बोराला निरोप दिला. हे त्याने केलं होतं, आणि आता ते पुसता येत नव्हतं.

झोलिनेचा दिवस लख्ख उजाडला. स्तेपोनासने सफरचंदाच्या झाडाखाली टेबल आणि बाक मांडला. पीप तळघरातून शिडीवरून ओढत वर आणताना कमरेने दोनदा नाही म्हटलं. त्याने पेला कढत पाण्याने धुतला, पुसला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. यीस्टची बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. विहिरीत सोडायची की उकिरड्यावर, ते संध्याकाळी ठरणार होतं. फाटक सताड उघडं करून त्याला दगड लावला आणि तो बसला.

सकाळी चर्चला जाणाऱ्या गाड्या गेल्या. बायकांच्या मांडीवर फुलांच्या, कणसांच्या, गाजरांच्या जुड्या होत्या, पाद्र्याकडून पवित्र करून आणायला. दोघातिघांनी गाडीतून हात केला. त्यानेही केला. दुपारी त्याच गाड्या परत आल्या आणि त्यांनी पुन्हा हात केला. मांजर येऊन बाकावर डावीकडे बसलं. स्तेपोनासने त्याच्याकडे बघितलं. "तुझं काय नाव घेऊ रे?" म्हणाला. मांजर उठून गेलं.

मग एक पांढरी गाडी खरोखर थांबली. स्तेपोनास ताडकन उभा राहिला. आतून एक तरुण जोडपं उतरलं, राजधानी विल्नियसचं असावं, दोघांचेही बूट स्वच्छ.

"आजोबा, तुमच्याकडे ती भाजलेल्या पावांची बिअर मिळते म्हणे?" तरुण म्हणाला.

"मिळत नाही, पितात," स्तेपोनास म्हणाला. "बसा ना. नाव काय तुमचं?"

"नको, मला गाडी चालवायचीय. दोन बाटल्या भरून देता का? घरी जाऊन पिऊ."

"आणि तू?" त्याने मुलीला विचारलं. त्याचा आवाज इतका आर्जवी झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

मुलीने त्या एकुलत्या एक पेल्याकडे पाहिलं. "सगळे यातूनच पितात?" असं म्हणून ती हसली, आणि मग त्याचं मन राखायला म्हणाली, "एक फोटो काढू का तुमचा?"

फोटो काढून ते गेले. बाटल्या त्याने दिल्या नाहीत.

ऊन झाडाच्या पलीकडे उतरलं. पेल्यावर एक माशी बसली, ती त्याने हाकलली. पुन्हा बसली, पुन्हा हाकलली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्याने बसू दिलं. आता कोणी येणार नव्हतं. येणारं कोण उरलं होतं? तो उठून आत गेला, खिडकीतली बरणी उचलली आणि उकिरड्याच्या वाटेला लागला. बरणी त्याने छातीशी धरली होती. झाकण फिरवायला लागला, तर ते घट्ट बसलेलं. बोटं घसरायला लागली. नालायक झाकण!

"ओढ्यावरचा पूल पार कुजलाय तुझा," मागून आवाज आला. "माणूस पडून मरायचा एखादा."

फाटकात झिग्मास उभा होता. ऑगस्टच्या उकाड्यात काळा लोकरी कोट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दाढी घोटून गालावर दोन ठिकाणी कापलेलं. काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं होतं.

"पूल माझा एकट्याचा आहे का?" स्तेपोनास म्हणाला. तीन वर्षांनी बोलायचं आणि हे बोलायचं! पण निघालं तोंडातून.

"फुलं नाही आणली. आजच्या दिवशी जो फुलं आणत नाही त्याने सैतानाची शेपटी दातात धरून यावं म्हणतात, पण दात कुठे उरलेत?" झिग्मासने कापड सोडून टेबलावर ठेवलं. "अर्धा पाव आहे. एकट्याला संपत नाही."

तो बाकावर बसला. डावीकडे, तेक्लेच्या जागी. स्तेपोनास बरणी हातात धरून तिथेच उभा राहिला. काय करावं ते सुचेना. शेवटी त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि तोही बसला.

"पेला अजून उभा आहे ना?" झिग्मासने विचारलं.

"आहे."

"मग भर. त्या दिवशी बोललास तेच बोल. मी घेतो."

इतकी वर्षं स्तेपोनास हेच ऐकायला बसला होता, आणि आता ऐकल्यावर त्याच्या तोंडून टोमणाच निघाला. "आज भीती नाही वाटत?"

"तेव्हाही माझी भीती नव्हती रे," झिग्मास म्हणाला. रागाने नाही, साधेपणाने म्हणाला. "घरात बार्बोरा होती. तिला कुशीवर वळवायला, धुवायला-पुसायला माझ्याशिवाय कोण होतं? तेक्लेने मला बोलावून घेतलं असतं तर बार्बोराला कोणी उचललं असतं? तू पेला पुढे केलास आणि मला खिडकीतली खाट दिसली. हात वर येईनात. तुझी बाही भिजत होती ते दिसत होतं मला. पण नाही आले."

स्तेपोनासने आपल्या बाहीकडे पाहिलं. "मला सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कधी?"

खिडकीतून हात करणारी बार्बोरा रोज त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिचा विचार त्याला एकदाही सुचला नव्हता. आपल्याच दुःखाला कवटाळून बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली खाट कशी दिसावी?

"आता ती गेली," झिग्मास पुढे म्हणाला. "आता मी असलो काय, नसलो काय, कोणाचं काही अडत नाही. मग म्हटलं, जाऊन तो पेला घेऊन टाकावा. निदान तुझा हात तरी मोकळा होईल. भर, भर. ऊन उतरलं."

स्तेपोनासने पीप कलतं केलं. बिअर पेल्यात पडली, गडद, वर फिकट फेस. त्याने पेला उचलला आणि डावीकडे वळला. "खुशाल राहा" इतकं म्हणून झालं. पुढचं नाव जिभेवर होतं. या वेळी झिग्मासचा हात पुढे आला होता. स्तेपोनासने त्या हाताकडे पाहिलं, गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे पाहिलं, तो काळा कोट पाहिला, आणि त्याला कोंबड्या आठवल्या.

"कोंबड्या कुठे आहेत तुझ्या?" त्याने विचारलं.

"ओनाला दिल्या. हे काय मध्येच? पुरं कर ना ते वाक्य."

हा माणूस आवराआवर करून आला होता. घर झाडून, कोंबड्या देऊन, दाढी करून, चांगला कोट घालून. म्हाताऱ्यांच्या त्या गप्पांवर त्याचा तेव्हाही पूर्ण विश्वास होता आणि आजही होता. तो पेला नव्हे, मरण घ्यायला आला होता, मित्राचा हात अवघडलाय म्हणून.

"नाही," स्तेपोनास म्हणाला.

"काय नाही?"

"हा पेला तुला द्यायचा नाही."

झिग्मासचा चेहरा पडला. "अजून राग आहे तुझा?"

"राग कसला, गाढवा! कोणाचं अडत नाही म्हणे!" स्तेपोनास एवढ्या मोठ्याने ओरडला की कुंपणावरचं मांजर खाली उडी मारून पळालं. "माझं अडतं! कळलं? माझं अडतं."

झिग्मास त्याच्याकडे बघत राहिला. हात अजून तसाच पुढे होता. तो मागे घ्यायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

स्तेपोनास उठला. भरलेला पेला घेऊन घराच्या भिंतीकडे गेला, जिथे तेक्लेचे हॉपचे वेल होते, आणि वाकून सगळी बिअर त्यांच्या मुळाशी ओतली. "तुझा तूच घे गं, तेक्ले," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला पाठवत नाही."

"असं चालतं?" झिग्मासने मागून विचारलं.

"चालतं की नाही ते सांगायला गावात कोण उरलंय?"

तो परत येऊन बसला. पेला पुन्हा भरला. मग डावीकडे वळला. "खुशाल राहा, झिग्मास."

आणि तो प्याला. तीन वर्षांत पहिल्यांदा. भाजलेल्या पावाची चव, मागून हॉपचा कडवटपणा, आणि पहिल्याच घोटाला ठसका लागला. झिग्मासने त्याच्या पाठीत दोन बुक्के मारले. स्तेपोनासने डोळे बाहीने पुसले, पेला भरला आणि पुढे केला. झिग्मासने तो दोन्ही हातांनी घेतला.

"तूही खुशाल राहा, स्तेपोनास," तो म्हणाला. मग त्याने सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे कोणी नव्हतं. बाक संपून नुसतं गवत होतं. तो वळून पुन्हा स्तेपोनासकडेच बघायला लागला. फेरी दोघांतच होती. त्याने पुन्हा स्तेपोनासचंच नाव घेतलं आणि प्याला.

"गोड झालीय," तो म्हणाला.

"पाव कमी भाजले गेले. फोन आला होता मध्येच, जाळ मंदावला."

"फोन ठेवून द्यायचा होता."

"तू असतास तर भट्टी बघितली असतीस."

झिग्मासने कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं. अर्धा पाव मोडून त्याने मोठा तुकडा स्तेपोनासपुढे सरकवला. पीप अजून भरलेलंच होतं आणि थोड्याच दिवसांत ते आंबणार होतं. दोघांना काही ते संपण्यासारखं नव्हतं.

"उद्या एक घडा भरून घेऊ," स्तेपोनास खाली बघत म्हणाला. "बार्बोराकडे जाऊ. तिची बिअर माझ्याकडे राहिलीय."

झिग्मासने नुसती मान हलवली. पाव चावत राहिला. मग त्याचं लक्ष टेबलावरच्या बरणीकडे गेलं.

"ही बाहेर का? उन्हात मरेल ना."

"विहिरीत सोडायलाच काढली होती," स्तेपोनास म्हणाला, आणि बरणी घेऊन विहिरीकडे गेला. दोर सोडता सोडता त्याने मागे वळून पाहिलं. झिग्मास बाकावरच होता.

"परवा ओना येईल," त्याने तिथूनच ओरडून सांगितलं. "कोंबड्या परत घे तिच्याकडून."